सगळं वाचून झाल्यावर

त्या लहानशा चर्चमध्ये एक रीत फार वर्षांपासून चालत आली होती. बाळाचा बाप्तिस्मा असला की आईबापांनी आधीच पुढे जाऊन उभं राहायचं, आणि घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाने बाळाला दारातून उचलून, बाकांच्या मधल्या वाटेने चालत, पाळकसाहेबांच्या हातात नेऊन द्यायचं. याला शास्त्रात काही आधार नाही, असं पाळकसाहेब स्वतःच दर वेळी सांगत, आणि सांगून झालं की दोन्ही हात पुढे करून बाळाची वाट पाहत उभे राहत.

शांतवनरावांना आपल्या नातीला असं उचलून न्यायचं होतं. म्हातारपणी माणसाला हजार गोष्टी हव्याशा वाटतात. त्यांना ही एकच वाटत होती.

मृणाली त्यांची सून. माहेर संगमेश्वरचं, घर हिंदू, शिक्षण मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. रत्नागिरीत कॉलेजला असताना गौरवशी ओळख झाली आणि पुढे दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तिच्या माहेरच्यांनी तोंडं पाडून का होईना, सह्या केल्या. लग्न ठरवायला आलेल्या शांतवनरावांनी तिला धर्माचं काही विचारलं नव्हतं. मासे खातेस ना, एवढंच विचारलं होतं, आणि त्या दिवशी तिची आई पहिल्यांदा हसली होती.

शांतवनराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सारी नोकरी स्टँडवर माइकसमोर गाड्या पुकारण्यात गेली. आवाज अजून तसाच खणखणीत होता. रविवारी ते चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला उभे राहिले की पुढच्या ओळीत लांजा, राजापूर मार्गे असं येणार की काय, असं मृणालीला वाटायचं. गौरव रविवारी उशिरापर्यंत लोळत पडायचा. म्हाताऱ्या माणसाने एकट्याने जायचं, हे बरं दिसत नाही म्हणून ती त्यांच्याबरोबर जाऊ लागली होती आणि मग जात राहिली होती. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. घरात ही तीनच माणसं, आणि मग ईशा झाली.

बारसं संगमेश्वरला झालं. ईशा हे नाव दोन्ही घरांना चाललं. शांतवनराव पाळण्यापाशी उभे राहून सगळ्यांबरोबर पाळणा म्हणाले, शब्द येत नव्हते तिथे नुसता सूर लावला. गर्दी हलल्यावर मृणालीची एक काकी ओटीवर बसल्या बसल्या म्हणाली, पोरगी गेलीच होती, आता नातही तिकडचीच होणार. आई तिथेच पानं पुसत होती. ती काही बोलली नाही. मृणालीने त्या न बोलण्याचा अर्थ आपल्या मनाने लावला आणि गाठ मारून ठेवला.

रत्नागिरीला परत आल्यावर काही दिवसांनी शांतवनरावांनी विषय काढला. ईशाला मांडीवर घेऊन ते पडवीत बसले होते.

"मृणाल, ईशाच्या बाप्तिस्म्याचं तुझ्या मनात काय आहे?"

कधी करायचा, असं त्यांनी विचारलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. बहुतेक गोष्टी तिच्या लक्षात येत. ती म्हणाली, "पप्पा, तिथे उभं राहून तिला या श्रद्धेत वाढवीन असं मला वचन द्यावं लागेल. ते काय आहे हे न कळता कसं देऊ? मला आधी नीट समजून घेऊ दे."

खरं तर हे टाळायला म्हटलेलं वाक्य होतं. पण ते ऐकून शांतवनरावांचा चेहरा असा काही उजळला की तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं. ईशाला तिच्याकडे देऊन ते आत गेले, लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते एक जाडजूड पुस्तक पंच्याने पुसत बाहेर आले. ड्यूटीवर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्यांनी जन्मभर हीच पुस्तकं वाचली होती. देव, पाप, कृपा, तारण, मंडळी, मरण. काही मराठी, काही इंग्रजी, काही मिशनच्या जुन्या छापखान्यातली, काही पुण्याहून टपालाने मागवलेली. गौरवने त्या कपाटाला आजवर हात लावला नव्हता.

"हे आधी वाच," ते म्हणाले. "घाई नाही. सगळं वाचून झाल्यावर ठरव."

तेव्हापासून घरात हे पुस्तक वाचणं सुरू झालं. ओट्यावर तांदळाच्या पिठाच्या डब्याला टेकवून पुस्तक उभं राहायचं आणि पेज उतू जायची. ईशाला खांद्यावर थोपटत ती पडवीत येरझाऱ्या घालायची, तेव्हा दुसऱ्या हातात पुस्तक असायचं. ईशाचे चमचे उकळायला ठेवून वाचायची, आणि पाणी आटून भांड्याचा वास सुटायचा. एका पानावर सोलकढी सांडली. शांतवनरावांना ते दाखवताना ती ओशाळली, तर ते म्हणाले की बरं झालं, या पानाला आतापर्यंत चव नव्हती.

मूळ पापावरचा भाग वाचताना मात्र ती चिडली. ईशाला न्हाऊ घालून नुकतंच झोपवलं होतं. कानामागे तेल राहिलं होतं, टाळूवर धुरीचा वास होता. आणि पुस्तक सांगत होतं की माणूस जन्मतो तोच पापात. तिने पुस्तक मिटून सासऱ्यांसमोर नेऊन ठेवलं.

"हे ज्याने लिहिलंय त्याने मूल हातात घेतलं नसणार."

"नव्हतंच घेतलेलं. ब्रह्मचारी होता," शांतवनराव म्हणाले. "पण तू पापाला जंतू समजतेस. उकळलं की गेलं. ते तसं नाही गो. घराची हवा असते ना, तसं आहे. पोर येते तीच त्या हवेत श्वास घेत येते. त्यात तिचा काय दोष?"

तिला ते पूर्ण पटलं नाही, पण राग ओसरला. दिवसभर त्या हवेचं डोक्यात फिरत राहिलं. काकीचं बोलणं, आईचं गप्प राहणं, आपलं सगळ्यांवर नजर ठेवणं. ईशा या सगळ्यात श्वास घेतेय, असं वाटलं की ती उठून खिडकी उघडायची.

पुढे कृपेवरचं पुस्तक आलं, आणि त्यावर त्यांची बरेच दिवस जुंपली. शांतवनराव म्हणायचे की कृपा आधी येते, समज मागून. तू दूध पाजतेस तेव्हा ईशाला दुधाचं शास्त्र कळतं का? त्यावर मृणालीने उत्तर दिलं की शास्त्र कळत नाही, पण दूध ती मागते. रडून मागते. बाप्तिस्मा तिने कधी मागितलाय? शांतवनराव जेवायला बसले. मग भाताचा घास हातात धरून म्हणाले, "हे मला सुचलं नव्हतं." आणि इतके खूश झाले की गौरवने ताटातून डोकं वर काढून विचारलं, तुमचं दोघांचं काय चाललंय ते मला कोणी सांगेल का.

गौरवला खरंच कुणी सांगितलं नाही. त्याला ते दोघांचं वाचन म्हणजे म्हाताऱ्याला चांगली सोबत मिळाली, इतकंच वाटत होतं. आपल्या पोरीचा बाप्तिस्मा त्या पुस्तकांमागे अडकलाय, हे त्याने मनावर घेतलं नाही. दोन-तीनदा त्याने विचारलं, तर ती म्हणाली, वाचतेय ना मी.

आणि ती वाचतच होती. कुणाला म्हणायला जागा नव्हती. पण पानं उलटताना तिला मनाच्या तळाशी माहीत होतं की आपल्याला पुस्तकातल्या कुठल्या प्रश्नाने अडवलेलं नाही. अडवलंय ते आईच्या गप्प राहण्याने. बाप्तिस्मा झाला की आई येणं कमी करेल. मग कुळथाचं पीठ आणि सांडगे कुणाकडून तरी पाठवून देईल, स्वतः येणार नाही. ईशाला आजी फोनवरची होईल. हे तिने कुणाला सांगितलं नाही, आईला तर नाहीच. आई फोनवर विचारायची, इतकं काय वाचतेस गो, आणि ती म्हणायची, असंच, पप्पांची पुस्तकं.

चर्चमध्ये मधूनमधून बाप्तिस्मे व्हायचे. कुणाचे आजोबा, कुणाची पणजी बाळाला घेऊन मधल्या वाटेने यायची. एकदा एक आजोबा इतके घाबरले की अर्ध्या वाटेत थांबून त्यांनी बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि पुढे जाईचनात. सगळी माणसं हसली. शांतवनरावही हसले, पण मृणालीने पाहिलं की मांडीवरच्या ईशाच्या पाठीवर त्यांचा हात तसाच सपाट, ठाम पडलेला आहे, जणू तेही त्या वाटेवर उभे आहेत. तिने ते पाहिलं आणि गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं.

कृपेचं पुस्तक संपलं त्या दुपारी ईशा झोपली होती. शेवटच्या भागात लेखकाने म्हटलं होतं, त्याचा अर्थ असा की माणूस वचन देतो ते पाळता येईल या खात्रीने देत नाही. आपल्याला कुणीतरी आधीच धरलंय, म्हणून देतो. तिने पुस्तक मिटलं. अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आईचं काय व्हायचं ते होवो, आपण सांगून टाकू. ती उठून पडवीत आली.

शांतवनराव आरामखुर्चीत होते. तिच्या हातातलं मिटलेलं पुस्तक त्यांनी पाहिलं.

"पप्पा, हे झालं वाचून. मी म्हणत होते—"

"झालं? थांब, थांब," ते लगबगीने उठले. उठताना खुर्चीचा हात धरावा लागला. आत गेले आणि दुसरं पुस्तक घेऊन आले, नवंकोरं, पुण्याहून आलेलं. "हे बघ. यात तुझा तो मागण्याचा मुद्दा आहे. लहान मुलांना बाप्तिस्मा देऊच नये म्हणणारे काय म्हणतात, ते सगळं यात आहे. त्यांची बाजू वाचल्याशिवाय काही ठरवायचं नाही. उद्या तुला वाटायला नको की पप्पांनी फसवलं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मात्र तिची नजर चुकवली. पुस्तक हातात आलं तेव्हा तिला जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं, हे पुढे कितीदा आठवून ती स्वतःवर चिडली. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

ते पुस्तक मोठं होतं आणि त्याने आणखी दोन पुस्तकांचे संदर्भ दिले होते. शांतवनरावांनी तीही मागवली.

या सगळ्या दिवसांत मृणालीची नजर ईशावरून हलली नव्हती. ईशाला शिंक आली तर तिला कळायचं. श्वास मोजायची, नखांचा रंग पाहायची, मलेरियाच्या दिवसांत प्रत्येक डास तिच्या ओळखीचा असायचा. पण शांतवनराव ईशाला उभ्याने उचलत नाहीत, आधी बसतात आणि मग हात पुढे करतात, हे पाहूनही तिने त्याचा विचार केला नाही. म्हातारा माणूस, जपतोय पोरीला, असं तिला वाटलं. पायरीवर ते दम खात. उकाडा आहे, असं ती म्हणे. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. तिने गौरवला एक नंबर मोठ्या चपला आणायला सांगितलं. मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई, सुजलेला पाय पाहते आणि मोठी चप्पल मागवते.

शेवटी त्यांना इस्पितळात न्यावं लागलं तेव्हा कळलं, हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टर म्हणाले की हे आजकालचं नाही, निदान वर्षभर चाललेलं असणार. इस्पितळात दुपारच्या वेळेला ती त्यांच्यापाशी बसायची. ईशा गौरवकडे. एके दिवशी त्यांना बरंच बरं वाटत होतं, उशांना टेकून चहा घेत होते. तिने खुर्ची जवळ ओढली आणि सगळं एका दमात सांगितलं. पाळकसाहेबांशी ती बोलली होती. ते इथेच यायला तयार होते. उद्याच. ईशाला घेऊन यायचं, इथेच करायचं.

शांतवनरावांनी कप ठेवला.

"नको."

"पप्पा, मला पटलंय. माझं वाचून झालंय."

"तुला पटलंय, ते मला दिसतंय गो. पण इथे पलंगावर केलं तर ते तिच्यासाठी नाही होणार. माझ्या आजारासाठी होईल. आपण इतकं वाचलं, ते एवढ्यासाठी नाही." थोडा वेळ ते श्वास घेत राहिले. "आणि मला तिला उचलून न्यायचं होतं. हौस म्हण. ते आता माझ्याने होत नाही, तर दुसऱ्या कशाने मला बरं वाटेल असं तू समजू नकोस. तुम्ही दोघं सावकाश करा."

ती रडायला लागली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की सून आहे, अभ्यासू आहे, परीक्षा संपल्यावर रडते.

दोनच दिवसांनी सकाळी ते गेले. गौरव नाश्ता आणायला खाली गेला होता.

दफनाला तिची आई आली आणि राहिली. घर आवरलं, स्वयंपाक पाहिला, ईशाला सांभाळलं. एका सकाळी दोघी पडवीत बसून डाळीतले खडे काढत होत्या. आई सुपाकडे बघत म्हणाली, "तुझे सासरे आले होते गो आमच्याकडे. आंब्यांची पेटी घेऊन. एसटीने."

मृणालीचा हात थांबला. तिला आठवलं, एकदा ते देवरुखला जुन्या सहकाऱ्याकडे जातो म्हणून गेले होते.

आईने सगळं सांगितलं. ते ओटीवर बसले, पाणी मागितलं, आणि म्हणाले की ईशाचा बाप्तिस्मा करायचं आमच्या मनात आहे, तुमचं मन दुखणार असेल तर स्पष्ट सांगा. आईने त्यांना सांगितलं की पोर तुमच्या घरची, तुमच्या रीतीने वाढवा, मला फक्त तिला भेटता आलं म्हणजे झालं.

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"ते नको म्हणाले. तिच्या मनाने होऊ दे, म्हणाले. मी म्हटलं, अहो, मग तिला विचारून टाका ना, एवढी पुस्तकं कशाला देत बसलात? तर हसले. म्हणाले, वाचून संपलं आणि ती नाही म्हणाली, तर? मला भीती वाटते म्हणून देतो. वाचतेय तोवर निदान 'नाही' तरी म्हणत नाही."

सुपातली डाळ तशीच राहिली. आई बोलत होती, काकीच्या त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल. त्या बाईला कुठे काय बोलावं कळत नाही, पाहुण्यांसमोर तिच्या तोंडाला कोण लागणार, म्हणून आपण गप्प राहिलो. मृणाली ऐकत होती आणि तिला ती दुपार दिसत होती. एक माणूस हो ऐकायला वर्षभर थांबलेला, आणि हो म्हणणारी समोर उभी राहिल्यावर नाही ऐकावं लागेल या धास्तीने उठून कपाटाकडे धावणारा. आणि ती. एक वाक्य पुरं करायचं होतं फक्त. त्यांनी मध्येच तोडलं, तरी पुन्हा सुरू करता आलं असतं. घरात कुणी कुणाचं बोलणं तोडलं तर माणसं पुन्हा बोलतात. तिने पुस्तक घेतलं.

येत्या रविवारनंतरच्या रविवारी करू, असं तिने गौरवला सांगितलं. तो शर्टाची बटणं लावत होता.

"आता कोणासाठी?"

तो रागाने बोलला नव्हता. रागाने बोलला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली, "ईशासाठी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आधीही तिच्यासाठीच होतं. मी ते माझं करून बसले."

गौरवने शेवटचं बटण लावलं. "पप्पा असताना मला हे सांगितलं असतंस तर मी त्यांना ओढत नेलं असतं," तो म्हणाला. मग लगेच, "मीही विचारलं नाहीच म्हणा."

ते वाक्य त्याने तिच्यासाठी म्हटलं, हे तिला कळलं. त्याने बरं मात्र वाटलं नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी तिची आई पहिल्यांदाच चर्चमध्ये आली. हिरव्या नऊवारीत, पदर डोक्यावरून घेऊन. पाळकसाहेबांनी दारात विचारलं, बाळाला कोण आणणार? गौरवचं दुसरं कुणी थोरलं नव्हतं. मृणालीने आईकडे पाहिलं. आईने क्षणभर विचार केला, चपला काढल्या आणि पुढे झाली.

गौरव आणि मृणाली पुढे जाऊन उभे राहिले. गीत सुरू झालं. आईने खाली वाकून ईशाला उचलायला हात घातले, आणि ईशाने ते ढकलले. ती आता दीड वर्षांची होती. चालायला शिकलेली, आणि चालता येतं याची घमेंड असलेली. आईने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. ईशा आणखी मागे सरली आणि नवा फ्रॉक सावरत एकटीच मधल्या वाटेने निघाली. आजी तिच्यामागून, हात पुढे करून, पण न धरता.

बाकांवरची माणसं हसत होती. प्रेमानेच हसत होती. पाळकसाहेबांचे दोन्ही हात सवयीने पुढे आलेले होते. त्यांनी ते मागे घेतले आणि गुडघ्यावर बसले, कारण येणारं मूल तेवढ्याच उंचीचं होतं.

ईशा धपाधप पावलं टाकत येत होती. मध्ये एकदा थांबली, एका बाईच्या बांगड्यांकडे पाहिलं, पुन्हा निघाली. मृणाली तिच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवून होती, पडेल, अडखळेल, फ्रॉकात पाय अडकेल. काही झालं नाही. पोर सरळ चालत आली. तिला उचलून आणायचे दिवस संपले होते. ते घरात, पडवीत, बसून हात पुढे करणाऱ्या माणसासमोर एकेक करून संपत गेले होते, आणि तेव्हा ती वाचत होती.

"वचन देता का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

गौरव हो म्हणाला. मृणालीचा आवाज लगेच फुटला नाही. पाळकसाहेब थांबले. आई ईशामागे उभी होती, तिने मान वर करून पाहिलं. कुणी घाई केली नाही, आणि ते कुणी घाई न करणंच तिला असह्य झालं.

"हो," ती म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्याने.